अपाय दिसला नाही, म्हणून दोष नाही काय?

मीमांसकांनी ‘अदृष्ट’ हा शब्द फार विचाराने योजिला. कर्म आज घडते, फळ कालांतराने येते. मधल्या वेळी जे डोळ्यांना दिसत नाही पण असते, ते अदृष्ट. शब्द यज्ञयागातला खरा, पण अमेरिकेतील वृद्धांच्या शुश्रूषागृहांविषयी वाचताना तोच आठवला.

त्या देशात अशा गृहांची सरकारी तपासणी होते. तेथील काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०२० मध्ये दाखवून दिले की, २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत तपासलेल्या गृहांपैकी शेकडा ८२ गृहांत रोगसंसर्ग टाळण्याच्या कामी एकदा तरी उणीव सापडली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत ती लागोपाठच्या वर्षीही निघाली. उणीव कसली म्हणाल, तर हात नीट न धुणे, साथीत आजाऱ्याला वेगळे न ठेवणे. आणि शंभरातल्या नव्व्याण्णव उणिवांवर शेरा काय? गंभीर नाही, रहिवाशांस अपाय झालेला नाही!

आता पाहा. सेविकेने एका आजींची पाठीची जखम पुसली आणि हात न धुताच शेजारच्या खाटेवरील आजोबांची लघवीची नळी सरळ केली. त्या क्षणी दिसले काय? काहीच नाही. चार दिवसांनी आजोबांना ताप भरला. तो ताप त्या हातांचा की वयाचा, हे कोण सांगणार? म्हातारं माणूस, ताप यायचाच, म्हणून सगळे मोकळे. कर्म एका खाटेपाशी, फळ दुसऱ्या खाटेवर. फळावरून दोष मोजू गेले, तर हा दोष कधी सापडायचाच नाही. २०२० साली वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड गावी अशाच एका गृहात करोना शिरला. १८ मार्चपर्यंत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि भेटीस आलेले १६ जण बाधित झाल्याची नोंद आहे. आजारी असतानाही कामावर येणारे, दोन-दोन ठिकाणी काम करणारे कर्मचारी, हे प्रसाराचे एक कारण निघाले.

कोणी म्हणेल, “महाराज, एका बाईच्या माथी पंधरा म्हातारी, एक दिवस घरी बसली तर पगार बुडतो, तिनं करावं तरी काय?” हे म्हणणे खोटे नाही हो. पण याने दोष नाहीसा होत नाही, वर सरकतो. ज्याने पंधरांमागे एकच बाई नेमली, त्याच्याकडे तो जातो.

आणखी एक. आपले सोवळे असे की दुसऱ्याचा स्पर्श मला नको. हातमोजे घालून तेच मोजे खाटेखाटेवरून फिरवणारी सेविका हेच सोवळे पाळते. ती स्वतःला जपते. शुश्रूषेतले सोवळे उलट्या बाजूचे आहे. माझा स्पर्श त्याला बाधू नये, म्हणून रोग्याला हात लावण्याच्या आधी धुवायचे. नंतरचे धुणे आहेच.

तपासनिसाने अपाय झाला की नाही, ते खुशाल लिहावे. पण हात धुतले की नाही हा रकाना वेगळा ठेवावा, आणि दंड त्या रकान्यावरून ठरवावा.