खेळाआधीची गुणवत्ता यादी

अमेरिकेत कॉलेजच्या आइस हॉकीत पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांचे क्रमांक ती बर्फावर उतरण्याआधीच लागतात. आम्ही शिक्षकही क्रमांक लावतो, पण निदान पेपर तपासून! यादी कधी खरी ठरते: बोस्टन विद्यापीठाच्या मॅक्लिन सेलेब्रिनीने २०२४ साली पहिल्याच वर्षी होबी बेकर पुरस्कार मिळवला. आम्हांला खटकते ते वेगळेच. वरच्या क्रमांकाला जास्त खेळायला मिळते, म्हणून तो वर राहतो. बाकावरच्याचा हुनर कोण मोजणार? प्रशिक्षकाला निवड करावीच लागते, मान्य. पण मार्टिन सेंट लुईला, उंची पाच फूट आठ इंच, व्यावसायिक संघांनी वार्षिक निवडीत घेतलेच नाही. व्हर्मांट विद्यापीठाने मात्र त्याला चार वर्षे खेळवले. २००४ साली एनएचएलमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच होते.