नाथ पै आणि घटनादुरुस्तीचा अधिकार

बॅरिस्टर नाथ पै यांची आठवण बहुधा त्यांच्या वक्तृत्वासाठी काढली जाते. परंतु 1957, 1962 आणि 1967 अशी तीनदा राजापूर मतदारसंघाने लोकसभेवर पाठवलेल्या या प्रजासमाजवादी खासदाराने राज्यघटनेविषयीच्या विचारात जी भर घातली, तिचा उल्लेख कोकणातही क्वचितच होतो.

संसदेला मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये शंकरी प्रसाद खटल्यात मान्य केले होते. 1965 च्या सज्जनसिंग खटल्यात हे मत कायम राहिले, तरी न्या. जनार्दन मुधोळकर यांनी घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांना हात लावणे म्हणजे दुरुस्ती की नवी घटनाच लिहिणे, अशी शंका उपस्थित केली. पुढे 27 फेब्रुवारी 1967 रोजी गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने न्यायालयाने आपला जुना निर्णय फिरवला आणि घटनादुरुस्ती हाही अनुच्छेद 13 च्या अर्थाने ‘कायदा’च असल्याने तिच्याद्वारे मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असे ठरवले.

त्यावर काही आठवड्यांतच नाथ पै यांनी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, सभागृहात आणले. घटनेची कोणतीही तरतूद बदलण्याचा संसदेचा अधिकार अनुच्छेद 368 मध्ये स्पष्ट करावा, एवढाच त्याचा आशय होता. सत्तेची कसलीही आशा नसलेल्या विरोधी सदस्याने संसदेची सत्ता वाढवण्यासाठी झटावे, हे वरवर पाहता विचित्र वाटते. मात्र लोकनियुक्त सभागृहाच्या आवाक्याबाहेर काही उरले, तर लोकांच्या सार्वभौमत्वाला अर्थ राहत नाही, ही त्यांची समाजवादी धारणा होती.

या धारणेमागची एक परिस्थिती सहसा लक्षात घेतली जात नाही. 1967 च्या लोकसभेत काँग्रेसकडे 520 पैकी 283 जागा होत्या; घटनादुरुस्तीला लागणारे दोन तृतीयांश मतदान विरोधकांना सोबत घेतल्याशिवाय जमणारे नव्हते. संसदेवर टाकलेला विश्वास हा वस्तुतः अशा, वाटाघाटी कराव्या लागणाऱ्या सभागृहावरचा विश्वास होता.

संयुक्त समितीकडे जाऊन आलेले ते विधेयक मंजूर झालेच नाही. डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते बारगळले आणि 18 जानेवारी 1971 रोजी नाथ पै यांचे निधन झाले. मार्चच्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला 352 जागा मिळाल्या आणि त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने नाथ पै यांचे सूत्र कायद्यात आले, पण ते आता एकाच पक्षाच्या हाती होते. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयीन तपासणीपासून वाचवणारी 1975 ची एकोणचाळिसावी दुरुस्ती याच अधिकारातून निघाली. त्या वेळी राजापूरचे नाथ पै यांचे वारसदार खासदार मधु दंडवते आणीबाणीच्या तुरुंगात होते.

त्याआधीच, केशवानंद भारती खटल्यात 24 एप्रिल 1973 रोजी न्यायालयाने गोलकनाथचा निर्णय रद्द केला, म्हणजे नाथ पै यांचा मूळ मुद्दा स्वीकारला. तथापि घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही, ही मर्यादा सात विरुद्ध सहा मतांनी घातली. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळण्याचे समाजवाद्यांचे जुने उद्दिष्ट 1978 मध्ये चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने साधले, ते या मर्यादेच्या आतच. नाथ पै यांचे गोलकनाथविषयीचे निदान बरोबर होते. चुकला तो बहुमताच्या संयमाविषयीचा त्यांचा अंदाज.