212 तास खेळून ‘घेऊ नका’

मे 2024 मध्ये पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. भाचा कॉम्प्युटरसमोर बसून ‘हेलडायव्हर्स 2’ या गेमवर रिव्ह्यू लिहीत होता. अंगठा खाली, आणि पुढे दोनच शब्द: घेऊ नका. वरच्या बाजूला बारीक अक्षरांत स्टीमने, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने, आपणहून छापलं होतं की हा गृहस्थ हा गेम 212 तास खेळला आहे. मी हसलो. म्हटलं, “अरे, अडीचशे तासांकडे निघालास आणि लोकांना घेऊ नका सांगतोस?”

“मामा, गेम वाईट असता तर केव्हाच सोडला असता. शिव्या घालत कशाला बसलो असतो?”

प्रकरण असं होतं. गेम स्वीडनच्या अ‍ॅरोहेड स्टुडिओचा, प्रकाशक सोनी. फेब्रुवारीत बाजारात आला आणि धो धो चालला. मग 3 मे रोजी सोनीने जाहीर केलं की कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनीही प्लेस्टेशनचं अकाउंट जोडलंच पाहिजे. आता, फिलिपाइन्ससारख्या कित्येक देशांत हे अकाउंट काढायची सोयच नव्हती. भारतात होती, त्यामुळे भाच्याचं काहीच अडत नव्हतं. पण हा गेम चौघांनी मिळून खेळायचा, आणि त्याच्या चौकडीतला एक मनिलाचा. दोन-तीन दिवसांत दोन लाखांहून जास्त निगेटिव्ह रिव्ह्यू पडले. 6 मे रोजी सोनीने निर्णय मागे घेतला. लगेच याच लोकांनी आपापले अंगठे उलटे फिरवायला सुरुवात केली. भाच्यानेही फिरवला.

मला विचारात पाडलं ते या अंगठा फिरवण्याने. कादंबरीवर कोणी सडकून टीका केली, तर दुसऱ्या दिवशी लेखकाने प्रकरण बदललं म्हणून टीकाकार लेख मागे घेत नाही. छापलेलं पुस्तक बदलणार नसतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. गेमचं तसं नाही. विकल्यानंतरही तो कच्चाच असतो. आज पॅच, उद्या अपडेट. त्यामुळे खेळणाऱ्याचं बोलणं हे मूल्यमापन उरत नाही, ते दडपण होतं. खाणावळीत वाटी हातात धरून “आज मीठ कमी आहे” म्हणणाऱ्याला वाटीत मीठ पडायला हवं असतं, पाककलेवर अभिप्राय द्यायचा नसतो.

आपल्याकडे याच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट आठवते, संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’. पिटातून आरोळी आली की बालगंधर्व तेच पद पुन्हा गात, कथा खोळंबे, प्रयोग पहाटेपर्यंत लांबे. नाटक कसं जायचं हे थोडंसं पिटातही ठरे. आरोळी फळते हे कळलेला प्रेक्षक गप्प बसत नाही, आणि हा नियम गेमलाही लागू आहे. खेळाडू आरडाओरडा करतात याचा दोष त्यांच्या वयाला किंवा संस्कारांना देऊन मोकळं होणं मला पटत नाही. ओरडल्यावर ऐकलं जातं हे त्यांना उद्योगानेच शिकवलं आहे.

पण ऐकायचं म्हणजे नेमकं काय ऐकायचं? 2004 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ चाचणीसाठी खेळाडूंच्या हाती होता. तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने त्यात एक नियम घातला होता: फार वेळ सलग खेळलात की मिळणारे गुण निम्मे. माणसाने अधूनमधून उठावं, हा हेतू. खेळाडू खवळले, आम्हाला शिक्षा का, म्हणाले. ब्लिझार्डने नियम काढला नाही. फक्त सगळे आकडे दुप्पट केले. निम्मे गुण आता ‘नेहमीचे’ झाले आणि पूर्वीचे पूर्ण गुण झाले ‘विश्रांतीचा बोनस’. गणित तेच. तक्रार संपली, उलट लोकांना तो नियम आवडू लागला. आपल्या वीजबिलावर मुदतीआधी भरल्यास सूट आणि नंतर भरल्यास जादा आकार असं दोन्ही असतं. सूट गोड लागते, आकार बोचतो.

याला कोणी फसवणूक म्हणेल. मला ती नीट ऐकण्याची रीत वाटते. खेळाडूंचं दुखणं खरं होतं, त्यांनी सुचवलेलं औषध चुकीचं होतं. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी 2016 मध्ये एका व्याख्यानात हेच सांगितलं होतं: लोकांना अडचण बरोबर कळते, उपाय मात्र कळत नाही. पोट दुखतंय हे रोग्यानेच सांगायचं. कुठली गोळी ते त्याने ठरवलं की पंचाईत.

काही तक्रारी तर इतक्या कल्पक असतात की वाटतं, या लोकांनीच गेम लिहायला हवा होता. 2012 मध्ये ‘मास इफेक्ट 3’चा शेवट चाहत्यांना अजिबात रुचला नाही. इतके निर्णय घेत तीन गेम खेळलो आणि शेवटी रंग तेवढा बदलतो, बाकी सगळं सारखंच, हा राग. त्यांनी वर्गणी काढून कॅनडात, गेम बनवणाऱ्या बायोवेअरच्या कचेरीत 400 कपकेक पाठवले. लाल, निळे, हिरवे. चव सगळ्यांची एकच, व्हॅनिला. इतकी नेमकी समीक्षा शब्दांत क्वचित वाचायला मिळते. त्याच वर्षी जूनमध्ये बायोवेअरने शेवटाची वाढीव आवृत्ती फुकट दिली.

याच चाहत्यांच्या जगात दुसरं टोकही आहे. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या ‘हॅलो गेम्स’ या छोट्याशा चमूने ‘नो मॅन्स स्काय’ जूनऐवजी ऑगस्ट 2016 मध्ये येईल असं सांगितलं, तर प्रमुख शॉन मरी यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. दीड महिन्याच्या उशिरासाठी! याला टीका म्हणणं हा टीकेचा अपमान आहे आणि इथे ‘दोन्ही बाजू’ वगैरे काही नसतं.

गेम आला तेव्हाची तक्रार मात्र शंभर टक्के रास्त होती. 18 वर 18 शून्यं इतके ग्रह, आणि त्यात दुसरा खेळाडू क्वचित का होईना भेटू शकेल असं मरी मुलाखतींतून सांगत आले होते. पहिल्याच दिवसात दोन खेळाडू खरोखर एकाच ग्रहावर, एकाच जागी येऊन उभे राहिले. हजारो लोक थेट बघत होते. दोघांना एकमेकांचा मागमूस नाही. त्यानंतर कंपनीने तोंड मिटलं ते नोव्हेंबरपर्यंत, आणि उघडलं ते थेट मोठा अपडेट हातात घेऊन. पुढे वर्षानुवर्षं फुकट अपडेट येत राहिले. 2018 च्या जुलैत माणसं एकमेकांना दिसूही लागली. 2019 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून गिल्डफर्डमध्ये आभाराचा मोठा फलक लावला.

गेमवाल्यांच्या जगात ही कथा आता पुराणासारखी सांगतात: बोलू नये, करून दाखवावं. मला ती थोडी सोयीची वाटते. 2016 मध्ये साठ डॉलर मोजून हिरमुसून निघून गेलेला माणूस त्या फलकाच्या वर्गणीत नव्हता. मौन बनवणाऱ्याला काम करू देतं हे खरं, पण पैसे दिलेल्याला ते महिने दार बंद असल्यासारखेच जातात. अ‍ॅरोहेडचे तेव्हाचे प्रमुख योहान पिलेस्टेट यांनी उलट केलं. अकाउंटची सक्ती येणार हे आपल्याला गेम बाजारात येण्याच्या कित्येक महिने आधीपासून ठाऊक होतं, असं त्यांनी उघड कबूल केलं आणि दोषाचा आपला वाटा घेतला. वर, त्या निगेटिव्ह रिव्ह्यूंच्या आलेखाची नक्षी असलेला अंगरखा गेममधल्या सैनिकांना द्यावा, अशी कल्पनाही मांडली. भाच्याला ती भयंकर आवडली होती.

गणपतीला पुन्हा गेलो. आरती आटोपल्यावर हा आपला खोलीत. ऑगस्टच्या अपडेटमध्ये त्याच्या लाडक्या फ्लेमथ्रोअरचा जोर कमी केला होता, आणि त्याच्यासारखे पुष्कळ जण भडकले होते. अंगठा पुन्हा खाली. वर बारीक अक्षरांत: 390 तास.