व्यथा कोणाची, ज्ञान कोणाचे?

माणूस जन्मतःच ऋणी असतो, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक असतात. परंतु शतपथ ब्राह्मणाने त्यांच्या जोडीला चौथे ऋण सांगितले आहे, ते मनुष्यांचे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते आणि मनुष्यांचे आतिथ्याने, अशी तेथील व्यवस्था आहे. ही दोन ऋणे एकाच ठिकाणी येऊन मिळाली तर काय करावे, हा प्रश्न मात्र आमच्या काळाचा आहे. जे ज्ञान ग्रंथांतून अथवा गुरुमुखातून आलेले नसते, एखाद्या बेकार, निराधार किंवा वृद्ध माणसाच्या घरी बसून, त्याला प्रश्न विचारून जे मिळवलेले असते, त्याचे ऋण कोणाला द्यावयाचे आणि ते फेडावे कसे?

हा प्रश्न आम्हांस सुचण्यास युरोपातील समाजकार्याच्या क्षेत्रातील काही घडामोडी कारण झाल्या. समाजकार्य हा तेथे शिकून करावयाचा व्यवसाय आहे. त्या व्यवसायातील संशोधनास वाहिलेली पहिली युरोपीय परिषद २०११ साली ऑक्सफर्ड येथे भरली. पुढे बासल, ल्युब्लियाना, लिस्बन, मिलान, विल्निअस अशा निरनिराळ्या देशांतील शहरी ती भरत आली. २०१४ साली युरोपीय समाजकार्य संशोधन संघाची स्थापना झाली आणि २०२३ पासून या विषयाचे त्याचे नियतकालिकही निघू लागले. नवे संशोधन एकमेकांस सांगावे, आणि त्यातील उत्तम असेल त्याचा पारितोषिके देऊन गौरव करावा, हे या खटाटोपाचे उघड हेतू आहेत. त्यांत वावगे काहीच नाही. तथापि जेथे वाटप आणि गौरव होतो, तेथे कोणाला काय मिळाले हे पाहणे हा नीतीचा भाग होतो.

प्रथम गौरवाचा विचार करू. विद्वानांनी विद्वानांना हार घालावेत, यात गरिबाचे काय भले, असे कोणी म्हणेल. आम्हांस हा आक्षेप पुरेसा वाटत नाही. आलिस सालोमोन या बर्लिनच्या विदुषीचे उदाहरण पाहावे. शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र नसताना केवळ आपल्या प्रकाशित लेखनाच्या बळावर त्यांना विद्यापीठात बसू दिले गेले, आणि स्त्रीपुरुषांच्या असमान वेतनाची कारणे शोधणाऱ्या प्रबंधावर १९०६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रशियातील विद्यापीठांची दारे स्त्रियांना रीतसर उघडली ती त्यानंतर दोन वर्षांनी, १९०८ साली. आणि त्याच वर्षी सालोमोन यांनी बर्लिनमध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी स्त्रियांची शाळा काढली. १९२५ साली त्यांनी स्त्रियांसाठी एक उच्च अभ्याससंस्था स्थापली आणि कुटुंबजीवनावरील संशोधनाची ग्रंथमाला तिच्यामार्फत सुरू झाली. १९३३ साली नाझी सत्तेच्या हाती पडू नये म्हणून ती संस्था चालकांनी स्वतःच विसर्जित केली. सालोमोन ज्यू कुळातल्या. १९३७ साली त्यांना देश सोडावा लागला आणि १९४८ साली न्यूयॉर्क येथे त्या निवर्तल्या. त्यांचे आत्मचरित्र जर्मन भाषेत छापून आले ते १९८३ साली.

या हकिकतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. समाजकार्य जर्मनीत दीर्घकाळ विद्यापीठांच्या बाहेर, व्यवसायशिक्षणाच्या संस्थांतून शिकवले गेले, आणि अशा संस्थांना डॉक्टरेट देण्याचा स्वतंत्र हक्क नव्हता. तो मिळवणारी पहिली संस्था फुल्डा येथील, आणि वर्ष २०१६. म्हणजे सालोमोन यांच्या शाळेनंतर १०८ वर्षांनी. जे ज्ञान झोपडीत आणि अनाथाश्रमात मिळते ते ज्ञानच नव्हे, ती फार तर भूतदया, असा समज त्यामागे नव्हता असे कोण म्हणेल? आणि ज्याच्या जाणण्याला ज्ञान म्हणत नाहीत, त्याचे म्हणणे निर्णयाच्या वेळी कोणी विचारात घेत नाही. म्हणून संशोधनाचा गौरव ही निव्वळ हौस नव्हे. ते न्यायाचे एक अंग आहे.

परंतु येथेच दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. संशोधकाला मान मिळाला. ज्याच्यावर संशोधन झाले त्याचे काय?

व्हिएन्नाजवळ मारीएन्थाल नावाचे एक गिरणीगाव आहे. तेथील कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली. गावातील ४७८ कुटुंबांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक कुटुंबांत एकही कामावरचा माणूस उरला नाही. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड, हान्स त्साइझेल आणि त्यांचे सहकारी यांनी या गावाचा बारकाईने अभ्यास केला. काय जेवलात, दिवस कसा घालवलात, मुलांनी नाताळात काय मागितले, हे सारे त्यांनी टिपले. निष्कर्ष अनपेक्षित होता. बेकारीने माणूस पेटून उठतो असे पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात तो विझत जातो, असे दिसले. हाती वेळच वेळ असूनही, आणि वाचनालयाने शुल्क काढून टाकले असूनही, पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. बायकांना घरकाम होते, म्हणून त्यांच्या दिवसाला काही आकार उरला होता. पुरुषांना मात्र सकाळपासून दुपारपर्यंत आपण काय केले हे सांगता येईना.

या अभ्यासकांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. गावात कोणीही केवळ पाहुणा निरीक्षक म्हणून राहावयाचे नाही. गावाच्या उपयोगी पडेल असे काहीतरी प्रत्येकाने करावयाचे. त्याप्रमाणे कपडे गोळा करून वाटले गेले, डॉक्टरांकडून तपासणीची सोय झाली, शिवणकामाचे वर्ग निघाले. हे मनुष्यऋणाचे भान नव्हे तर काय? पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. कपडे कोणाला हवेत हे विचारण्याच्या निमित्ताने घरोघरी प्रवेश मिळाला आणि घरातील स्थितीची नोंद करता आली. रस्त्याने जाणारे लोक किती सावकाश चालतात, किती वेळा थांबतात, हे त्यांच्या नकळत, हातात घड्याळ घेऊन मोजले गेले. ती मदत म्हणावी की प्रवेशपत्र? आमच्या मते ती दोन्ही होती. उपयोगी पडण्याने घेतल्याचा दोष पुरता धुऊन निघत नाही. परंतु उपयोगी न पडता नुसते घेऊन जाण्यापेक्षा ते निःसंशय अधिक सभ्य आहे.

त्या ग्रंथाचे पुढे जे झाले तेही बोलके आहे. १९३३ साली तो जर्मनीत निघाला तेव्हा मुखपृष्ठावर लेखकांची नावे नव्हती, कारण ते ज्यू होते. याहोदा यांना १९३६ साली अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्या इंग्लंडात गेल्या. जर्मनमध्ये ग्रंथ पुन्हा निघाला १९६० साली. इंग्रजीत आला १९७१ साली. अभ्यासकांची नावे अशा रीतीने उशिरा का होईना परत आली. मारीएन्थालच्या बेकारांची नावे येणे शक्यच नव्हते, कारण ती झाकणे हेच त्यांच्या हिताचे. येथे एक विलक्षण विसंगती दिसते. ज्याचे दुःख, त्याला आडोसा हवा. ज्याचा ग्रंथ, त्याला प्रकाश हवा. दोघांनाही एकाच न्यायाने वागवता येत नाही.

मग फेड कशाने व्हावी? आम्हांस वाटते, नाव छापण्याने नव्हे, तर ज्ञान ज्याचे त्याला समजेल अशा रूपात परत नेऊन देण्याने. आणि परत देणे म्हटले की भाषा आलीच. युरोपीय विद्वान एकत्र जमतात तेव्हा त्यांना एक सामाईक भाषा लागते, आणि ती बहुधा इंग्रजी असते. स्लोव्हेनियातील एखाद्या विधवेने आपल्या बोलीत सांगितलेली कहाणी इंग्रजी निबंधात शिरते, परिषदेत वाचली जाते, वाखाणलीही जाते. ती तिच्यापर्यंत मात्र परत येईलच असे नाही. गिरणगावाचे उदाहरण तर आपल्या घरचेच. १९८२ च्या संपाने उद्ध्वस्त झालेल्या कामगारांच्या आठवणींचा नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी सिद्ध केलेला ग्रंथ २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला, आणि बोलणारे बहुसंख्य लोक मराठी होते. इंग्रजीत सांगितले म्हणून दूरवर ऐकू गेले, हे खरेच आहे. म्हणून आम्ही सामाईक भाषेला दोष देत नाही. जाताना एक भाषा लागते आणि परतताना दुसरी, एवढे ध्यानात राहिले म्हणजे झाले.

२०१४ साली समाजकार्याची जी जागतिक व्याख्या मान्य झाली, तिच्यात शास्त्रांच्या बरोबरीने स्थानिक लोकांच्या स्वतःच्या ज्ञानालाही या व्यवसायाचा आधार मानले आहे. व्याख्येत ही जागा मिळाली, ती व्यवहारातही मिळाली पाहिजे. ज्याला आपण केवळ माहितीचा झरा समजलो, तोही जाणता आहे, हे मान्य करणे म्हणजे त्याला निष्कर्षावर बोलण्याचा अधिकार देणे. हा अधिकार गैरसोयीचा असतो. तो आपल्या सुबक निष्कर्षाला नाही म्हणू शकतो.

मराठी मुलखापासून दूर, कोणी दिल्लीत, कोणी कटकला, कोणी गुवाहाटीस बसून सरकारी कागद हाताळणाऱ्या आपल्यासारख्यांना यात परके काही वाटू नये. अर्जदार आपल्या भाषेत चार पाने लिहितो. टिपणीत त्याच्या दोन ओळी उरतात, आणि त्या बहुधा त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत असतात. संक्षेपावाचून कारभार चालत नाही, हे आपण सारे जाणतो. पण त्या दोन ओळींत त्याचे म्हणणे उतरले की आपली सोय, हे ठरवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते, आणि उत्तर त्याच्या भाषेत धाडण्याचीही. समाजकार्याचे संशोधक जे ऋण आज परिषदा भरवून मोजू लागले आहेत, तेच ऋण आपल्या टेबलावर रोज सकाळी आवक होऊन येते. त्याला क्रमांक पडला म्हणजे ते फिटले, असे मात्र समजू नये.