झावळ्यांच्या रविवारी होळी

२०२४ साली झावळ्यांचा रविवार आणि होळीपौर्णिमा एकाच दिवशी, २४ मार्चला आली. सकाळी ज्या मुलांनी हातांत झावळ्या घेऊन ‘होसान्ना’चा घोष केला, त्यांच्या घरची वडीलधारी मंडळी अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीला निघण्याच्या तयारीत होती. मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवीतील एका मुलाने आम्हांस विचारले, “फादर, मी इथला की तिथला?”

“आपण ख्रिस्ती आहोत, पवित्र सप्ताह सुरू झाला आहे,” असे आम्ही तत्काळ सांगितले. प्रश्नोत्तरीच्या दृष्टीने उत्तर बिनचूक होते. मुलगा खाली बसला. परंतु त्याला ते पटले नव्हते, हे आमच्या ध्यानी उशिरा आले. त्याने विचारले होते, मी कोणाचा. आम्ही सांगितले, तू काय करू नयेस.

आमच्या वर्गांतून पुष्कळदा असेच घडते. समाजाची ओळख म्हणून आपण मुलांच्या हाती निषेधांची यादी देतो आणि तिलाच श्रद्धा म्हणतो. वास्तविक श्रद्धा हा माणसाने परमेश्वराला स्वतः दिलेला प्रतिसाद आहे. तो सक्तीने घेता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणापत्रात स्पष्ट केले आहे. नाते मात्र प्रतिसादाच्या आधीच लाभते. आपण तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतो, तेव्हा त्याची संमती कोठे विचारतो? धर्ममातेच्या हातांवर ते ख्रिस्तसभेचे होते, तसेच आजीच्या मांडीवर बोली शिकता शिकता ते पाड्याचेही होते. दुसरे नाते जुळावे म्हणून पहिले तोडलेच पाहिजे काय?

कायदाही तसे म्हणत नाही. अनुसूचित जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. बाप्तिस्मा घेतलेला भिल्ल भिल्लच राहतो. ख्रिस्ती आदिवासींना त्या यादीतून वगळा, असे म्हणणाऱ्यांचा आपणांस राग येतो. पण ‘आता तुझा त्यांच्याशी संबंध काय?’ असे वर्गात सुचविणारे आपण त्यांच्याच मापाने मोजत नाही ना?

त्या मुलाचे आजोबा बाप्तिस्मा न घेतलेले. होळीपूर्वी ते ‘पालनी’ पाळतात: खाट वर्ज्य, जमिनीवर झोपणे, ब्रह्मचर्य. आमच्या उपवासकाळाला, खरे सांगायचे तर, एवढी धार उरलेली नाही. शुक्रवारी मांस टाळून पापलेटावर ताव मारणाऱ्या आम्हां वसईकरांनी त्यांच्या नातवाला संयमाचे पाठ कोणत्या तोंडाने द्यावेत?

तथापि, ‘सगळे सारखेच’ म्हणून हात झटकणे आम्हांस मान्य नाही. उपासना एका परमेश्वराचीच, ही पहिली आज्ञा आहे आणि ती मुलाला सांगितलीच पाहिजे. नाच पूर्वजांचा, पण नैवेद्य कोणाला? ही रेघ कोठे ओढायची, याचे आयते उत्तर आमच्याजवळ नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली अमेझॉनविषयीच्या आपल्या उद्बोधनपत्रात म्हटले आहे, की आदिवासींचे एखादे प्रतीक स्वीकारणे म्हणजे मूर्तिपूजाच असे नव्हे. त्याने धीर येतो. पण कोणते प्रतीक आणि कितपत, हे ज्याचे त्यालाच पारखावे लागते. बारा वर्षांच्या मुलाला ते जमेल काय, अशी आम्हांस शंका होती.

पवित्र गुरुवारी तो भेटला. काठीला गेला होता, कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचला होता. नैवेद्याच्या वेळी मात्र मागे उभा राहिला. “का रे?” आम्ही विचारले.

“ते आजोबांचं आहे,” तो म्हणाला. “त्यांनी पण मला बोलावलं नाही.”

शनिवारी रात्री पुनरुत्थानाच्या जागरणविधीसाठी नवा अग्नी पेटवायचा होता. लाकडे रचण्याचे काम त्याने आपणहून मागून घेतले. त्याने रचलेला ढीग आमच्या नेहमीच्या सवयीपेक्षा बराच उंच झाला होता.