हरकती, सूचना आणि पूर्वीचं पुणं

‘पूर्वीचं पुणं राहिलं नाही’ हे वाक्य पुण्यात इतक्या वयांच्या तोंडून ऐकू येतं की ते पूर्वीचं पुणं नक्की कधी संपलं हे ठरवायला एखादी समिती नेमावी लागेल. ऐंशी ओलांडलेले सांगतात, ते 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून आलेल्या पाण्याबरोबर वाहून गेलं. साठीतल्यांच्या मते पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला हलवले तेव्हा. चाळिशीतले फर्ग्युसन रस्ता एकेरी झाला तिथं बोट ठेवतात. आणि वीसेक वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या नोकरीसाठी परगावाहून आलेला, बाणेरला फ्लॅट घेतलेला गृहस्थही आता म्हणतो, ‘आम्ही आलो तेव्हा काय शांत होतं हो बाणेर!’ ती शांतता अशांच्या येण्यानंच गेली, असं तिथल्या मूळ शेतकऱ्याचं मत असतं; पण जमीन विकून झालेली असल्यामुळे तो ते मोठ्यानं बोलत नाही.

प्रत्येकाचं पुणं साधारण तो पंचविशीत होता तेव्हा उत्तम होतं. यात शहरापेक्षा गुडघ्यांचा संबंध जास्त असावा.

हे हसण्यावारी नेता येतं, आणि पुण्याविषयीचं बरंचसं लेखन ते तसंच नेतं. पुणेकराचा तिरकसपणा, दुपारी एक ते चारची झोप, पाट्या: या विनोदांवर दोन पिढ्यांनी गुजराण केली, आता पुरे. मला वेगळंच वाटतं. आपल्या रम्य आठवणींमुळे आपल्या तक्रारीला वजन येतं, असा आपला समज आहे. बहुतेक वेळा घडतं उलटंच. आठवण तक्रारीचा कणाच काढून घेते. ‘हे काम कोणी, कधी, किती पैशांत केलं’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘गेले ते दिवस’ एवढंच उरतं. त्याचं उत्तर कुणालाच द्यावं लागत नाही, महापालिकेलाही नाही.

वाड्याचंच घ्या. चौक, ओसरी, पारिजातक, अंगणात सांडलेलं उन्हाळ्यातलं चांदणं आणि अडीअडचणीला धावून येणारे शेजारी. यातलं काहीच खोटं नाही. पण वाड्याविषयी इतक्या मायेनं बोलणारे जवळपास सगळे फ्लॅटमधून बोलतात. सामायिक संडासापुढची सकाळची रांग, दोन खोल्यांत नांदणारी तीन जोडपी, नळाची धार करंगळीएवढी झाली की बायकांची होणारी भांडणं, हे त्या आठवणीत फार तर गंमत म्हणून येतं. घरातल्या बाईला विचारलं तर ती आधी ओट्याबद्दल आणि कडी लावता येणाऱ्या न्हाणीघराबद्दल बोलते, पारिजातकाचा नंबर बराच मागे असतो.

आणि वाडे गेले ते कुणाची दृष्ट लागून गेले नाहीत. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. पुढं दहा-पंधरा रुपये भाड्यात मालक कौलंसुद्धा शाकारू शकेना, आणि हक्काची जागा सोडायला भाडेकरू तयार होईना. दोघांच्याही दृष्टीनं शहाणपणाचा असलेला हा हट्ट तीसचाळीस वर्षं चालला. तोवर वासे कुजले. मग बिल्डर आला आणि त्यानं दोघांनाही सोडवलं. वाड्याबद्दल हळहळताना आपण ही गोष्ट सांगत नाही, कारण तिच्यात खलनायक सापडत नाही.

पाण्याच्या आठवणीही अशाच निवडक आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भूमिगत नळानं पाणी गावात आणलं आणि ते पेठापेठांतल्या हौदांत सोडलं, याचा पुणेकरांना रास्त अभिमान आहे. पण 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या एका घटनेचा अर्थ असा की गावातले बाकीचे हौद त्यांच्यासाठी नव्हते. त्या काळच्या पुण्याची आठवण महारवाड्यात कशी सांगितली गेली असेल याचा विचार केला, तर ‘पूर्वीचं पुणं’ हे सगळ्या पुण्याचं पूर्वी नव्हतं हे उमगतं.

फुल्यांचं नाव निघालंच आहे, तर मंडईबद्दल बोलायला हवं, कारण तक्रारीचं पुढं काय होतं याचा इतका चोख नमुना दुसरा नाही. 1876 पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचं ठरलं तेव्हा विरोधात गेलेले ते एकटेच. मंडईसाठी मोठी इमारत बांधण्याचा घाट घातला गेला, त्यालाही त्यांचा विरोध होता. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. इमारत व्हायची ती झालीच, 1886 मध्ये. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव देऊन तिला रे मार्केट म्हणू लागले. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचं नाव बदललं गेलं, आणि ज्यानं या खर्चाला हरकत घेतली त्याच्याच नावानं आज ती ओळखली जाते. तिचा दगडी मनोरा, ताजी मेथी आणि भाजीवालीचा फटकळपणा हे आता पुणेकरांच्या लाडक्या आठवणींत मोडतं. फुल्यांनी विचारलेला प्रश्न मात्र, म्हणजे शोभेवर किती आणि शाळेवर किती, कुठल्याच आठवणीत सापडत नाही. तो अंदाजपत्रकाच्या वेळी दरवर्षी नव्यानं विचारावा लागतो.

एकाच माणसाची आठवण आणि तक्रार एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात, तेव्हा खरी पंचाईत होते. सवाई गंधर्व महोत्सव घ्या. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. रमणबागेच्या मैदानावर डिसेंबरच्या थंडीत लोक सतरंज्या, शाली, माकडटोप्या, थर्मास घेऊन रात्रभर बसत. मध्यरात्रीनंतर दरबारी किंवा मालकंस, पहाटे ललत, आणि उजाडल्यावर भीमसेनजी. रात्रीचे राग रात्री आणि पहाटेचे पहाटे ऐकायला मिळणं ही चैन होती. मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस तेवढी बारापर्यंत सवलत. महोत्सव दुपार-संध्याकाळवर आला. पहाटेच्या रागांची गैरसोय झाली. पुढं जागाही बदलली, आता तो मुकुंदनगरला होतो.

या नियमाबद्दल हळहळणारा रसिकच गणपतीच्या दिवसांत त्याच नियमाचं कलम घेऊन पोलीस चौकीत जातो, कारण समोरच्या मंडळानं लावलेल्या स्पीकरच्या भिंतीनं त्याच्या खिडकीची तावदानं थरथरत असतात. त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही. डीजेची आणि दरबारीची तुलना कोण करील? पण नियमाला राग कळत नाही, डेसिबल कळतात. रमणबागेच्या भोवतीही घरं होती. तिथं कुणी आजारी असेल, कुणाची सकाळी परीक्षा असेल, कुणाला गाण्याचा कंटाळाही असेल. तेव्हा या लोकांनी तक्रार केली नाही, किंवा केली ती कुणी ऐकली नाही. आपल्या आठवणीतली ती सुंदर पहाट अशा काही न ऐकलेल्या तक्रारींवरही उभी होती. मला स्वतःला ती पहाट परत हवी आहे का? हवी आहे. आणि डीजे बंद व्हायला हवा का? तोही व्हायला हवा. दोन्ही मागण्या एकाच अर्जावर कशा लिहायच्या, हे मला अजून सुचलेलं नाही.

सायकलींचं तसंच. सायकलींचं शहर म्हणून आपण डोळे ओले करतो. त्या काळी डबलसीट आणि बिनदिव्याच्या सायकलीला पोलीस दंड करत आणि लोक त्यावर कुरकुरत, हे विसरतो. सायकल जाऊन लुना, मग स्कूटी आली. आज दुचाक्यांनी गल्ल्या तुंबल्यात, फूटपाथवरूनही त्या धावतात, हा त्रास खराच आहे. पण बस कधी येईल याचा भरवसा नसलेल्या शहरात, क्लास, नोकरी, नाटक आटोपून रात्री दहाला एकटीनं घरी यायची सोय मुलींना त्याच गाडीनं दिली. डोक्याला-तोंडाला ओढणी बांधून निघालेल्या मुलीची चेष्टा करणाऱ्यांनी तिच्या आईला विचारावं, ती त्या वयात किती वाजता घरी परतत असे. दुचाकीबद्दलची तक्रार ही मुळात बसबद्दलची तक्रार आहे, चुकीच्या पत्त्यावर गेलेली.

पत्ता हाच आताचा मोठा प्रश्न आहे. 1961 मध्ये महापालिकेच्या हद्दीत सुमारे 6 लाख माणसं होती; 2011 च्या जनगणनेत 31 लाख. 1997 मध्ये गावं आली, 2017 मध्ये 11 आली, 2021 मध्ये आणखी 23. हद्द वाढली, नळ मात्र त्या वेगानं पोचले नाहीत. नव्या भागांत बांधकाम परवानगी देताना ‘पालिकेचं पाणी मिळेपर्यंत आम्ही पुरवू’ असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जाई. सोसायटी ताब्यात दिल्यावर ते कुठल्या फायलीत जातं हे रहिवाशाला माहीत नसतं. तो मिळकतकरही भरतो आणि टँकरही. हिंजवडीची तऱ्हा आणखी वेगळी. लाखो लोक जिथं रोज वाहतुकीत अडकतात ते गाव कुठल्याच महापालिकेत नाही, तिथं ग्रामपंचायत आहे. त्यात 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं साडेतीन वर्षांहून जास्त काळ पुण्याचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवक काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पण सकाळी त्यांच्या दारात जाऊन आरडाओरडा करता येत असे. तेवढंही गेलं की तक्रारीचं नुसतं गाऱ्हाणं होतं. आणि गाऱ्हाण्याला आठवणीची संगत फार आवडते.

पुणेकराला लिहून भांडता येत नाही, असं मात्र नाही. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा 2013 मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यावर 80,000 हून अधिक हरकती आल्या होत्या. दहा वर्षांनी वेताळ टेकडीवरच्या नियोजित रस्त्यांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. ‘टेकडी आमच्या आठवणींचा भाग आहे’ हा त्यांचा मुद्दा भावनेला हात घालणारा होता. टेकडी पोखरली तर भूजलाचं काय होईल, हा मुद्दा प्रशासनाला अडचणीत आणणारा होता.

जुन्या माणसांच्या आठवणी इथंच उपयोगी पडाव्यात. आंबिल ओढा कुठून वाहायचा, कुठं वळायचा, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढायचं, हे सहकारनगर, दांडेकर पूल भागातल्या वृद्धांना सांगता येतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढ्यानं तोच रस्ता धरला, आणि त्याच्या काठावर व पात्रात जे काही उभं केलं होतं ते झोपलेल्या माणसांसह ओढून नेलं. 2024 च्या जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. पानशेतची आठवण दरवर्षी 12 जुलैला वर्तमानपत्रांत येते, काळ्यापांढऱ्या छायाचित्रांसह. त्या छायाचित्रांत पाणी कुठल्या भिंतीपर्यंत आलं होतं ते दिसतं. पण पूररेषेबद्दल हरकत नोंदवताना तसं छायाचित्र अर्जाला जोडणारे विरळाच.

जंगली महाराज रस्त्याची गोष्टही पुण्यात आवडीनं सांगतात. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीनं तो केला, दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी हमी लेखी दिली, आणि रस्ता त्यानंतरही कितीतरी वर्षं टिकला. पुढं त्या कंपनीला इथं दुसरं काम काही मिळालं नाही, असं म्हणून सांगणारा डोळे मिचकावतो आणि गोष्ट संपते. खरं तर ही गोष्ट कंत्राटातल्या एका कलमाची आहे. आजच्या रस्त्यांच्या कंत्राटांतही दुरुस्तीच्या जबाबदारीची मुदत असते, आणि माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला की ती कळते. असा अर्ज करणाऱ्याला सोसायटीच्या बैठकीत अजून रिकामटेकडा म्हणतात. आणि जंगली महाराज रस्त्याची गोष्ट रंगवून सांगणाऱ्याला जुना पुणेकर.