सेंट्रिंग

एका तालुक्याच्या गावी एक गवंडी राहत होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. स्लॅब टाकला की घरमालक दुसऱ्या दिवसापासून विचारू लागे, "मिस्त्री, झाला की कडक. सेंट्रिंग कधी काढताय?" मिस्त्री हसून म्हणे, "वरून कडक झालाय. आत अजून कच्चा आहे." मग तो स्लॅबवर आळी बांधून पाणी भरे, सकाळ-संध्याकाळ बघून जाई आणि 14 दिवसांच्या आत एकाही टेकूला हात लावू देत नसे. या बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे.

त्याला आठ-नऊ वर्षांपासून साखर होती. गोळी चालू होती, म्हणजे आठवेल तेव्हा चालू होती. काही दुखत नव्हतं, काम अडत नव्हतं, त्यामुळे घरातही कुणी फारसा विषय काढत नसे.

2021 च्या एप्रिलमध्ये त्याला ताप आला. पाचव्या-सहाव्या दिवशी चार पायऱ्या चढताना दम लागला. बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन 88. मुलानं तीन ठिकाणी फिरून कोविड सेंटरमध्ये एक बेड मिळवला. तिथं ऑक्सिजन लागला, स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. श्वास हळूहळू ठिकाणावर आला, पण साखर 412 वर गेली. स्टिरॉइडनं त्याला वाचवलं आणि स्टिरॉइडनंच त्याची साखर चढवली. दोन्ही खरं होतं. मग इन्सुलिन सुरू झालं.

शेजारच्या बेडवर एका शाळेचा शिपाई होता. त्याला आधी साखर नव्हती, ती वॉर्डातच सापडली. रात्री झोप येत नसे तेव्हा दोघं मास्कच्या आडून एकमेकांशी बोलत.

मिस्त्री घरी आला त्या दिवशी गल्लीनं टाळ्या वाजवल्या. बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. हातात डिस्चार्जचा कागद होता. इन्सुलिन किती घ्यायचं, गोळ्या कोणत्या आणि सात दिवसांनी दाखवायला यायचं, हे सगळं त्यावर लिहिलेलं होतं. सिस्टरनं तोंडीही बजावलं होतं, "नाक चोंदलं, गाल दुखला, डोळा सुजला तर एक दिवसही थांबू नका." त्या दिवसांत काळी बुरशी साखरेच्या माणसांना शोधत फिरत होती. मिस्त्री रोज आरशात डोळे बघे. बुरशी आली नाही. आपण सुटलो, असं त्याला वाटलं. कागद देवाच्या फोटोमागे गेला.

स्टिरॉइड थांबल्यावर साखर उतरू लागली. एका सकाळी ती 130 आली. त्यानं इन्सुलिन बंद केलं. पंधरा दिवसांनी गोळीही बंद केली.

मग लाडू आले. बहिणीनं डिंकाचे पाठवले, सासुरवाडीहून अळिवाचे आले, शेजारच्या काकूंनी खजूर आणला, कुणी शहाळी आणली. "मोठ्या आजारातून उठलायस, अंगात ताकद यायला पाहिजे," असं जो तो म्हणे. त्यात कुणाचंच चुकलं असं म्हणवत नाही. आपल्याकडे माया बहुतेक वेळा गुळातुपातूनच घरी येते. मिस्त्री रोज दोन लाडू खाई आणि तरी त्याचं वजन उतरत होतं. रात्री तीनदा उठावं लागे. तहान भागत नसे. शिडी चढताना मध्येच थांबावं लागे. एकदा तर भिंतीचं माप घेतलं आणि फूटपट्टी खाली ठेवेपर्यंत विसरला. "अशक्तपणा आहे, जाईल," लोक म्हणाले. तोही तेच म्हणाला.

श्रावणात एका घराचं आतलं काम चालू होतं. मिस्त्री कोबा करत होता. बिगारी मावशी घमेलं घेऊन आली आणि उभीच राहिली.

"मिस्त्री, हे रक्त कुणाचं?"

ओल्या कोब्यावर ठिकठिकाणी लाल डाग होते. मिस्त्रीनं पाय उचलून बघितला. टाचेखाली सिमेंटनं चांगलंच भाजलं होतं, कातडी सुटली होती. त्याला काहीच कळलं नव्हतं. रक्त बघून तो घाबरला नाही. दुखत नाही, हे लक्षात आलं तेव्हा मात्र घाबरला.

मावशीनं घमेलं खाली ठेवलं, रिक्षा बोलावली आणि त्याच्या बायकोला फोन करून ग्रामीण रुग्णालयात बोलावून घेतलं.

तिथल्या डॉक्टर वयानं त्याच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी जखम धुतली. मग नायलॉनचा एक बारीक दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारलं, "काका, इथं कळतं? इथं?" बऱ्याच ठिकाणी कळत नव्हतं. रक्त घेतलं, लघवी तपासली, छातीची पट्टी काढली, डोळ्यांचा पडदा तपासायला जिल्ह्याला चिठ्ठी दिली. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी 11.4 आली. ती 7 च्या आसपास हवी होती. लघवीतून प्रथिनंही जाऊ लागली होती.

"पण मी तर बरा होऊन घरी आलो होतो," मिस्त्री म्हणाला.

डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढलं. "काका, शरीर असल्या आजाराशी झगडतं तेव्हा साखर चढते. स्टिरॉइडनं आणखी चढते. आजार गेल्यावर काहींची उतरते, काहींची पुन्हा वर जाते. फुप्फुसं, हृदय, मूत्रपिंडं, सगळ्यांनी मार खाल्लेला असतो. त्यांना सावरायला महिने लागतात. साखर चढी राहिली तर हे अवयव सावरणार कसे? तळव्याची बधिरता बहुधा जुनी आहे, पण तिच्याकडे आता बघितलंच पाहिजे."

मिस्त्री काही बोलला नाही. बाहेर रिक्षाची वाट बघताना बायकोला म्हणाला, "अगं, माझं सेंट्रिंग मीच काढलं. तेही तिसऱ्या दिवशी."

इन्सुलिन पुन्हा सुरू झालं. जखम भरेपर्यंत पायावर भार द्यायचा नव्हता, म्हणून कामं दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. बायको शेजारच्या पोळीभाजी केंद्रावर जाऊ लागली. लाडवांचे डबे निरोपासह परत गेले आणि बहीण चार दिवस रुसली. दिवाळीपर्यंत जखम भरली. चालणं सुरू झालं, तेही बेतानं. आज जास्त चाललं आणि उद्या अंथरुणाला खिळलं तर परवा कमी, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

रुग्णालयात दर शुक्रवारी साखरेच्या रुग्णांची तपासणी असे. तिथं एकदा शिपाई भेटला. त्याच्याकडे वही होती. रोजची साखर, रोजचं चालणं, सगळं तारीखवार लिहिलेलं. त्याचं इन्सुलिन सुटलं होतं, साखर जवळपास ठिकाणावर आली होती. तरी दोन जिने चढला की तो बसत असे. नावं आठवत नसत. मुख्याध्यापकांना वाटे, हा आता कामचुकार झाला.

"तू तर सगळं पाळलंस," मिस्त्री म्हणाला.

"पाळलं. म्हणून निदान एवढ्यावर आहे, असं डॉक्टर म्हणतात," शिपाई म्हणाला आणि वहीत त्या दिवसाचा आकडा लिहू लागला.

आता थोडं थांबून बघू. त्या वर्षी रोज संध्याकाळी आकडे जाहीर होत. नवे रुग्ण किती, मृत्यू किती आणि बरे होऊन घरी गेलेले किती. तिसऱ्या आकड्यानं सगळ्यांना धीर येई, आणि तिथंच मोजणी संपे. मिस्त्री आणि शिपाई दोघंही त्या आकड्यात होते. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या दम, थकवा आणि विसराळूपणाला जागतिक आरोग्य संघटनेनं व्याख्या दिली ती 2021 च्या ऑक्टोबरमध्ये. कोविडनंतरच्या वर्षात नव्यानं मधुमेह लागण्याचं प्रमाण वाढतं, हे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून 2022 मध्ये मांडलं गेलं. मिस्त्रीनं हलगर्जी केली हे खरं, पण शिपायानं केली नव्हती. दोघांनाही लागत होता तो वेळ. घरी आल्यावरचे महिने आजारातच धरले असते, तर मुख्याध्यापकांनी शिपायाकडे वेगळ्या नजरेनं बघितलं असतं आणि गल्लीनं लाडवांऐवजी साखरेचा आकडा विचारला असता.

पुढच्या पावसाळ्यात गल्लीतल्या एका रिक्षावाल्याला डेंग्यू झाला. त्यालाही साखर होती. आठवड्यानं तो घरी आला. मिस्त्री भेटायला गेला तेव्हा खोलीत पपईच्या पानांचा रस होता, किवी होते, पेढ्यांचा पुडा होता आणि बरीच माणसं होती. मिस्त्री बाजूला बसून राहिला. माणसं गेल्यावर म्हणाला, "कागद दाखव."

"कसला कागद?"

"हॉस्पिटलातून दिलाय तो."

कागद उशीखाली होता. मिस्त्रीनं चष्मा लावून तो सावकाश वाचला. तपासणीची तारीख होती, तिच्याखाली पेननं रेघ मारली.

"शुक्रवार पडतोय. मीही जाणार आहे. सातला तयार राहा, काही न खाता. रक्त घेतलं की लगेच खायला डबा मात्र बरोबर घे. रांग मोठी असते."